मोडीत न गेलेले दागिने

चित्रकाराचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवणाऱ्याला पैसा, विमा आणि मालकांची संमती या अडचणी येतात. चित्रे मात्र कुठे ना कुठे असतातच. दागिने घडवणाऱ्या कलावंताचे असे प्रदर्शन भरवायचे म्हटले, की त्याआधीचाच एक प्रश्न उभा राहतो. त्याने चाळीस वर्षांत जे घडवले, त्यातले आज काय शिल्लक आहे? सोने वितळते, आणि वितळल्यावरही त्याची किंमत जात नाही. म्हणून जगात घडलेल्या दागिन्यांपैकी फार थोडे त्यांच्या मूळ रूपात टिकले. जे टिकले ते का टिकले, हे विचारल्याशिवाय दागिन्यांच्या कोणत्याही प्रदर्शनाची समीक्षा पुरी होत नाही, असे माझे मत आहे. हा प्रश्न मी बीड जिल्ह्यातून विचारतो आहे, आणि ठिकाणामुळे प्रश्नाचे स्वरूप बदलते.

दोन प्रदर्शने समोर ठेवतो. पहिले न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २० नोव्हेंबर २०१३ ते ९ मार्च २०१४ या काळात भरले. जोएल आर्थर रोझेन्थाल हा १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेला रत्नकार. आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याने स्वतःच्या पेढीला ‘जेएआर’ हे नाव दिले. पॅरिसच्या प्लास व्हांदोम या चौकात १९७८ पासून त्याचे दुकान आहे. दुकानाला दर्शनी खिडकी नाही, जाहिरात नाही. वर्षाला मोजकेच नग घडतात आणि ते कोणाला विकायचे हे बहुधा तोच ठरवतो. अमेरिकेतल्या या त्याच्या पहिल्या सिंहावलोकनी प्रदर्शनात चारशेच्या आसपास नग होते आणि ते जवळजवळ सगळे खाजगी मालकांकडून उसने आणलेले होते.

या कामाची ओळख मला प्रदर्शनाच्या सूचीग्रंथातून झाली. छायाचित्रे पाहतानाही एक गोष्ट लगेच जाणवते : रोझेन्थाल रत्नांकडे रंगासारखे पाहतो. त्याच्या फुलपाखरांच्या पंखांवर बारीक खडे इतके लगटून बसवलेले असतात, की एका छटेतून दुसरी छटा कधी सुरू झाली ते कळत नाही. खड्यांमधला धातू तो काळवंडवतो, त्यामुळे कोंदण डोळ्याला दिसतच नाही. १९८७ सालच्या झेब्र्याच्या पिनेत पट्टेदार अकीक दगडाचे नैसर्गिक पट्टेच प्राण्याचे पट्टे झाले आहेत. अकीक हा तसा स्वस्त दगड. त्याला हिऱ्यांच्या शेजारी बसवण्यात एक खोडकर धिटाई आहे, आणि ती मला आवडते. टायटॅनियम, ॲल्युमिनियम यांसारखे धातूही त्याने वापरले. दागिन्याची किंमत धातूच्या वजनात नसते, हे त्याच्या कामाचे जणू घोषवाक्यच आहे.

पण इथेच माझी तक्रार सुरू होते. या दागिन्यांच्या पिना कधी कोणाच्या कोटावर लागल्या, कानातली कोणाच्या कानात हलली, याचा मागमूस लागत नाही. २००२ साली लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये त्याचे प्रदर्शन झाले, तेव्हा दालने काळोखी ठेवून प्रेक्षकांच्या हाती विजेऱ्या दिल्या होत्या. विजेरीच्या झोतात रत्न चमकते हे खरे. पण मग दागिना गुहेतल्या खजिन्यासारखा होतो आणि अंगावरचा राहत नाही. चित्राला भिंत पुरते. दागिन्याला देह लागतो. अंगापासून तोडलेला दागिना शिल्पासारखा पाहावा, असा आग्रह रोझेन्थाल धरतो आणि संग्रहालय त्याला होकार देते. त्या होकारात दागिना या वस्तूचा अर्धा अर्थ गळून पडतो.

दुसरे प्रदर्शन आपल्याला अधिक जवळचे आहे. हैदराबादच्या निजामाचे दागिने २०१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडले गेले. त्याआधी २००१ सालीही ते दिल्लीत आणि नंतर हैदराबादेत दाखवले गेले होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९५१ आणि १९५२ मध्ये विश्वस्त निधी करून हे जडजवाहीर त्यांत ठेवले. पुढे दीर्घ वादानंतर १९९५ साली भारत सरकारने १७३ नग २१८ कोटी रुपयांना विकत घेतले, आणि एरवी ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात. सरपेच, सात पदरी मोत्यांचा सतलडा, बाजूबंद, कमरपट्टे, बिरुदे, बटणे आणि १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा हे सगळे त्यात आहे. सहाव्या निजामाने घेतलेला हा हिरा सातव्याला वडिलांच्या बुटाच्या टोकात सापडला आणि त्याने तो कागदावर ठेवायच्या वजनासारखा वापरला, ही कथा प्रत्येक वर्तमानपत्र दर प्रदर्शनाच्या वेळी सांगते.

बीडच्या माणसाला या काचपेट्यांपुढे निव्वळ रसिक म्हणून उभे राहता येत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. दिवाणी, जहागिरी आणि सर्फ-ए-खास अशा जमिनींचा सारा जिथे जायचा, नजराण्याच्या अशर्फ्या जिथे पोहोचायच्या, त्या वाटेच्या शेवटी हा खजिना होता. कोणता पाचू कोणत्या गावच्या ज्वारीतून आला हे सांगता येणार नाही, आणि तसे सांगण्याचा आव मी आणणार नाही. परंतु प्रदर्शनाच्या मांडणीत ही वाट कुठेच दिसू नये, हे खटकते. तिथे वस्तूंना मालक आहे, वंशावळ आहे, कॅरट आहेत. घडवणारा मात्र बहुतेक नगांच्या बाबतीत अज्ञातच आहे. कुंदनाच्या कामात शुद्ध सोन्याचा पातळ वर्ख खड्याभोवती दाबून बसवणारा, दागिन्याच्या मागच्या बाजूला मीनाकाम करणारा हात कोणाचा, ते कळत नाही. मागची बाजू कातडीला टेकणार, ती फक्त घालणाऱ्यालाच ठाऊक असणार. तरीही ती तितक्याच निगुतीने रंगवलेली असते. आणि काचपेटीत दागिना पालथा ठेवता येत नाही.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये घडवणाऱ्याचे नाव आहे, घालणारी नाही; दिल्लीत मालकाचे नाव आहे, घडवणारा नाही. दोन्हीकडे दागिने टिकले, कारण मालकांवर ते मोडण्याची वेळ आली नाही. संग्रहालयातला दागिना हा बहुतेक वेळा कधीच गहाण न पडलेला दागिना असतो.

आमच्याकडे याच्या नेमके उलटे आहे. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी इथल्या सराफ्यात घडवणारा आणि घालणारी एकमेकांना ओळखतात. सोनार तिच्या सासूच्या पाटल्यांचे माप सांगू शकतो. टिकत नाही तो दागिना. आजीची ठुशी मोडून आईची बोरमाळ होते, बोरमाळ मोडून मुलीचे मंगळसूत्र होते. या व्यवहाराला आपल्या भाषेत ‘मोड’ असा साधा शब्द आहे. मोड द्यायची, घट वजा करायची, मजुरी भरायची आणि नवा नग घ्यायचा. सोने तेच राहते. रूप जाते आणि रूपाबरोबर हाताची खूण जाते. सोनाराच्या दुकानातली धूळही वाया जात नाही. झारेकरी ती धुऊन तिच्यातला कण वेगळा काढतो. ज्या व्यवसायात धुळीचाही हिशेब ठेवला जातो, तिथे घडणीचा हिशेब कोणी ठेवला नाही.

या मोडीचा परिणाम दागिन्याच्या रचनेवरच झालेला आहे, आणि समीक्षकांनी त्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. थोड्या सोन्यात गळा भरलेला दिसावा, मणी चेपू नये आणि वितळवताना लाख बाजूला काढता यावी, या तीन गरजांतून तो मणी जन्मला आहे. पुतळ्यांच्या माळेत प्रत्येक पुतळी दोऱ्यात स्वतंत्र ओवलेली असते. अडचणीच्या वर्षी दोन पुतळ्या काढून विकायच्या, गाठ पुन्हा मारायची, आणि माळ गळ्यात राहते. एकदाणीचेही तसेच. दुष्काळी मुलखात घडलेला हा दागिना पहिल्यापासूनच सुटा होण्याच्या तयारीने घडलेला असतो. रोझेन्थालच्या फुलपाखरातून एक खडा काढला तर फुलपाखरू मरते. पुतळ्यांच्या माळेतून एक पुतळी काढली तर माळ जरा आखूड होते. माझ्या दृष्टीने ही दुसरी रचना बुद्धीने पहिलीपेक्षा उणी नाही. तिच्यात रंगाचा विलास कमी आहे. आयुष्याचा अंदाज अधिक आहे.

मोडण्याची वेळ श्रीमंतांवरही येते. अभिनेत्री एलेन बार्किन यांनी घटस्फोटानंतर २००६ साली न्यूयॉर्कमध्ये आपले दागिने लिलावात काढले. त्यांत जेएआरचे अनेक नग होते आणि एकूण विक्री दोन कोटी डॉलरच्या घरात गेली. स्त्रीने अडचणीत किंवा आयुष्याच्या वळणावर दागिना विकावा, ही गोष्ट प्लास व्हांदोमला आणि बीडच्या सराफ्याला सारखीच लागू आहे. फरक हिशेबात आहे. तिथे घडवणाऱ्याच्या नावाने किंमत चढली. इथे मोडीच्या वेळी घडणावळ शून्य धरली जाते, वर डाकाची घट कापली जाते. विकत घेताना जिची मजुरी मोजली, ती कला विकताना कोणी मोजत नाही. ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाची उचल पुरत नाही आणि चांदीचे तोडे सराफाकडे जातात, तेव्हा तराजूवर धातू असतो, तोडे नसतात. २०१५ साली सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जे फेडण्याचा निर्णय घेतला. त्या निमित्ताने खेड्यातला दागिना वर्षातले किती दिवस अंगावर आणि किती दिवस सावकाराच्या पेटीत असतो, हे थोडे उघड झाले. त्या पेट्याही एक प्रकारची संग्रहालयेच आहेत. फक्त तिथे प्रेक्षकाला प्रवेश नाही.

नाव पुसण्याची ही सवय कायद्यातही उतरलेली आहे. फ्रान्समध्ये मौल्यवान धातूच्या दागिन्यावर घडवणाऱ्या पेढीचा चौकटीतला ठसा असावा लागतो. आपल्याकडे जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. त्यात मानक ब्युरोचे चिन्ह, २२ कॅरटसाठी ९१६ असा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. ग्राहकाची फसवणूक थांबावी म्हणून ही व्यवस्था आवश्यक होती, याबद्दल वाद नाही. पण तिचा अर्थ असा, की आज प्रत्येक नगाला स्वतंत्र ओळख आहे, सोन्याला ओळख आहे, आणि ज्याच्या फुंकणीने डाक वितळला त्याला नाही.

त्याआधीचा धडा अधिक कठोर होता. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. १४ कॅरटचे सोने कडक. पारंपरिक घडणीची तार त्यातून तशी ओढली जात नाही आणि गिऱ्हाइकाला ते नको असते. देशभर सुवर्णकारांच्या भट्ट्या थंड पडल्या, आत्महत्या झाल्या. पुढे नियम सैल झाले, १९६८ चा कायदा आला आणि तोही १९९० मध्ये रद्द झाला. सरकारच्या लेखी सोनार हा सोने बाळगणारा, सोने मुरवणारा माणूस होता. तो आकार घडवणारा आहे, त्याच्या हाताबरोबर काही रूपे कायमची जातील, हा मुद्दा त्या वादात फारसा कोणी मांडला नाही. साहित्यिकांनीही नाही.

मराठीत सोनाराचे नाव मुळीच टिकले नाही असे नाही. नरहरी सोनार सगळ्यांना ठाऊक आहेत. विठ्ठलाच्या करगोट्याचे माप डोळे बांधून घेणाऱ्या या शैव सोनाराची कथा घराघरात सांगितली जाते. पण त्यांचे नाव टिकले ते अभंगांनी. करगोटा कसा होता, गोफाचा की साखळीचा, कडी कशी होती, याबद्दल परंपरा गप्प आहे. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. त्यांनी ‘पंचीकरण’ कापडाच्या पासोडीवर लिहिले आणि ती पासोडी चारशे वर्षांनंतरही आहे. कापडाला कसर लागते, ओल लागते. तरी ते राहिले, कारण कापड वितळवून कोणाला काही मिळत नाही. निरुपयोगी ठरण्याचे हे भाग्य सोन्याला लाभत नाही.

दगडालाही ते लाभले. बीडचे कंकालेश्वर मंदिर जलाशयाच्या मधोमध उभे आहे. तिथल्या, किंवा धर्मापुरीच्या केदारेश्वरावरच्या स्त्रीमूर्ती पाहताना मी अलीकडे चेहरे सोडून गळे आणि दंड पाहतो. हार, केयूर, मेखला, कानातली जड कर्णभूषणे हे सारे दगडात उतरलेले आहे. पाथरवटाने हे आकार मनाने रचले नसावेत. त्याच्या आसपास तसे दागिने घडत असणार, घातले जात असणार. खरे दागिने मोडीत गेले. त्यांची प्रत शिल्लक आहे, तीही दुसऱ्याच कारागिराच्या हातची. मराठवाड्यातल्या सुवर्णकलेचे आज उपलब्ध असलेले सर्वांत मोठे सिंहावलोकन या भिंतींवर आहे, आणि त्याची दागिन्यांच्या अंगाने नीट नोंद व्हायची आहे.

हे काम लवकर का व्हावे, याचे कारण आमच्या तांड्यांवर दिसते. बीड जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे. लग्न झालेल्या बंजारा स्त्रीच्या केसांत गालांच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी चांदीची घुगरी-टोपली, गळ्यातली हांसळी, नाकातली भुरिया, दंडापर्यंत चढत जाणाऱ्या बलिया या सगळ्यांनी मिळून एक पूर्ण रचना होते. तिच्यात आवाजही असतो. स्त्री चालली की घुगऱ्या वाजतात. म्हणजे हा दागिना पाहण्याइतकाच ऐकण्याचाही आहे. बलिया एके काळी हस्तिदंती होत्या, आता प्लास्टिकच्या आहेत, आणि तरुण मुलींच्या अंगावर त्याही नाहीत. ज्या बायकांनी हे दागिने घालणे सोडले, त्यांना दोष देता येत नाही. उसाच्या फडात कोयता चालवताना एवढे ओझे कोण वागवेल? शिवाय या वेशावरून ओळखले जाण्याचा आणि हिणवले जाण्याचा अनुभवही त्यांच्या गाठीशी आहे. पण सुटी झालेली घुगरी मोठ्या शहरातल्या दुकानात ‘आदिवासी दागिना’ म्हणून लटकते, जोडीतली एक हरवलेली असते, आणि ती कुठल्या तालुक्यातली, कोणत्या सोनाराने ओतलेली, कोणाच्या लग्नातली हे कोणालाच सांगता येत नाही. काही नग परदेशी संग्रहातही पोहोचतात. तिथे ते जपले जातील, आणि पुन्हा एकदा अनामिक म्हणून जपले जातील.

यावर उपाय म्हणून कोणी म्हणेल, आपणही एखाद्या कारागिराला रोझेन्थालसारखे नाव मिळवून द्यावे. त्याला माझा विरोध नाही. अनामिकतेचे गोडवे बहुधा नाव असलेली माणसे गातात; सोनाराला नाव मिळाले तर त्याचा दरही वाढेल. परंतु एका नावाभोवती उभारलेली प्रदर्शनाची चौकट आमच्या दागिन्याला पुरत नाही. बोरमाळ कोणा एकाची कलाकृती नव्हे. तिच्यात ठसा कोरणारा आहे, जंतरातून तार ओढणारा आहे, पटवेकरी आहे, आणि मणी केवढा हवा ते सांगणारी गिऱ्हाईकही आहे.

म्हणून मला एका वेगळ्या प्रदर्शनाची कल्पना मांडावीशी वाटते. ते सोन्याशिवाय भरवता येईल, म्हणजे विमा आणि बंदूकधारी पहारा दोन्ही लागणार नाहीत. त्यात सोनारांच्या घरी माळ्यावर पडलेले काशाचे ठसे असतील. ठसा हा दागिन्याचा खरा वारसा आहे, कारण तो मोडीत गेला तरी कवडीमोल असतो. जंतर, मूस, फुंकणी, काळी कसोटी असेल. सोनारांच्या जुन्या वह्या असतील, ज्यांत नगाशेजारी तोळे-मासे-गुंजा लिहिलेले असतात आणि कधी समासात नक्षीचे टाचण असते. लग्नात दोन्हीकडच्या मंडळींनी सह्या केलेल्या याद्या असतील. त्यांत कोणी काय घालायचे हे वजनासह नोंदलेले असते, आणि दोन पिढ्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर वज्रटीक, सरी, गोठ हे शब्द कोणत्या सुमारास गळाले ते दिसेल. गहाणाच्या पावत्या असतील, नावे झाकून. फोटो स्टुडिओत काढलेली लग्नाची छायाचित्रे असतील, कारण दागिना अंगावर कसा दिसत होता याचा तेवढाच पुरावा उरला आहे. आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांच्या आवाजात दागिन्यांची नावे ध्वनिमुद्रित केलेली असतील.

दिनकर केळकरांनी पुण्यात दिवे, अडकित्ते, पेट्या गोळा केल्या, तेव्हा घरातल्या रोजच्या वस्तू संग्रहालयात कशाला, असे म्हणणारे होतेच. कवी म्हणून केळकरांनी ‘अज्ञातवासी’ हे नाव घेतले होते, आणि अज्ञात कारागिरांच्या कामाला घर दिले. बीड जिल्ह्यात हे काम अंबाजोगाईच्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दोन दिवाळ्यांच्या मध्ये करता येण्याजोगे आहे. ठसे भंगारात आजही किलोच्या भावाने जात आहेत. हाताने घडवणाऱ्या सोनारांची मुले तयार माल विकणाऱ्या पेढ्यांत विक्रेते झाली आहेत. वह्या वाळवीने खाल्ल्या तर त्याची बातमीही होणार नाही. सुरुवात सराफ्यातल्या सर्वांत जुन्या दुकानाच्या माळ्यावरून करावी, आणि तिथे मिळेल त्या प्रत्येक ठशाचा आधी कागदावर उमटा घ्यावा.